बाई बोलत नाहीत

परवा ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलीच्या कॉम्प्युटरचा आवाज गेला. ऑनलाइन ट्रेनिंग चालू होतं आणि पडद्यावर कुणी मोठे साहेब नुसतंच तोंड हलवत होते. मुलगी रडकुंडीला आलेली. मी तिला म्हटलं, सरक जरा, आणि टेबलाखाली वाकले. वाकता वाकता माझ्या तोंडून निघालं, "बा देवा म्हाराजा!" मुलगी दचकली. तिला वाटलं, मॅडमची कंबर धरली.

कंबर शाबूत होती. केळुसकरकाका आठवले होते. ते गेल्याला आता दिवाळीत वर्ष होईल. त्यांच्याविषयी लिहायचं म्हणून मी तीन वेळा वही उघडली आणि तिन्ही वेळा मिटली. कारण त्यांच्याविषयी लिहायचं तर मला माझ्याविषयीही दोन गोष्टी लिहाव्या लागतील, आणि त्या काही चारचौघांत सांगण्यासारख्या नाहीत. तरी लिहिते.

खोपटच्या आमच्या कार्यालयात मी लागले तेव्हा माझाही कॉम्प्युटर असाच मुका होता. दुरुस्तीवाल्याला तीन फोन झाले. "आज पाठवतो मॅडम" यापलीकडे काही झालं नाही. शेजारचे शिर्के म्हणाले, "त्यांच्या नादी लागू नका. केळुसकरांना बोलवा."

केळुसकर आले ते भिंतीला बोटं लावत. पांढरा बुशशर्ट, खिशाला पेन नाही, डोळ्यांवर काळा चष्मा. मी शिर्क्यांकडे बघितलं. हा माणूस आंधळा होता. शिर्क्यांनी नुसती मान डोलवली.

"आवाज नाही?" काकांनी विचारलं आणि उत्तराची वाट न बघता जमिनीवर मांडी घालून बसले. हात जोडले. मग खड्या आवाजात सुरू झाले, "बा देवा म्हाराजा! ह्या पोरीचो कॉम्प्युटर मुको झालो आसा म्हाराजा!"

अख्खं ऑफिस आपापल्या फायलींतून मान वर न काढता म्हणालं, "व्हय म्हाराजा!"

"खयची वायर खय गेली आसात ती हाताक गावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"कोणाचा काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल, आणि ह्येका बोलतो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

काका मूळचे वेंगुर्ल्याकडचे. तिकडे कुठल्याही कामाच्या आधी देवाला गाऱ्हाणं घालतात, आणि प्रत्येक ओळीला जमलेल्यांनी होकार भरायचा असतो. होकार भरणारं कुणी नसेल तर ते गाऱ्हाणं देवापर्यंत पोचत नाही, असं काकांचं म्हणणं. म्हणून माणसं असल्याशिवाय ते कॉम्प्युटरला हात लावत नसत. ऑडिटच्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्येही त्यांनी गाऱ्हाणं घातलं होतं आणि बाहेरून आलेल्या ऑडिटरने शेवटच्या ओळीला "व्हय म्हाराजा" म्हटलं होतं.

गाऱ्हाणं झालं की हात सीपीयूच्या मागे. काकांचा नियम एकच, बिघाड मागून पुढे शोधायचा. भिंतीतलं बटण, मग वायर, मग डबा, मग स्पीकर. मध्ये उडी मारायची नाही. माझ्या बाबतीत त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. साफसफाई करताना कुणीतरी स्पीकरची हिरवी पिन माइकच्या भोकात खुपसली होती. हिरवी आणि गुलाबी भोकं शेजारी शेजारी असतात, डोळसांची हमखास गल्लत होते. काकांनी पिन बदलली, खिशातून काळा दोरा काढला आणि पिनेला तीन गाठी मारल्या. "आता विसरलीस तरी बोटांना कळेल," म्हणाले. पहिल्या भेटीतच ते मला अगं-तुगं करायला लागले होते आणि मला ते अजिबात खटकलं नव्हतं.

"आणि स्पीकरपर्यंत सगळं ठीक असेल तर?" मी विचारलं.

"तर मग शेवटचं कनेक्शन. कान." ते शिर्क्यांच्या दिशेने वळले. "काय शिर्के?"

सगळे हसले. झालं होतं असं, की एकदा शिर्क्यांच्या कॉम्प्युटरचा आवाज गेला म्हणून काकांनी तासभर मान मोडली होती. सगळं ठाकठीक. शेवटी कळलं की शिर्क्यांनी सर्दीवर उपाय म्हणून दोन्ही कानांत तेलाचे बोळे घातले होते. तेव्हापासून कान ही काकांच्या यादीतली शेवटची पायरी झाली. आम्ही सगळे त्याला कितीतरी वर्षं हसत होतो.

काका आधी टेलिफोन ऑपरेटर होते. चौथीत असताना तापाने त्यांचे डोळे गेले. तोवर शिकलेली अक्षरं मात्र त्यांनी जपून ठेवली होती, आपली सही ते वळणदार करत. टेलिफोनचा बोर्ड बंद झाला तेव्हा त्यांना आवक पत्रांची नोंद दिली आणि पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर दिलं. त्यात एक बाईचा आवाज होता, सपाट, अडखळत बोलणारा. काका तिला नुसतं "बाई" म्हणत. "बाईंना आज सर्दी झालीय." "बाई जोडाक्षराला घाबरतात." आवाज गेला की म्हणत, "बाई बोलत नाहीत." तुमचा माझा आवाज गेला तर गाणी बंद होतात. काकांचा आवाज गेला की त्यांचा पडदा, कागद, पत्रं, सगळंच जात असे.

हे मला चांगलं माहीत होतं. तरीही मी जे केलं ते केलं.

नवे साहेब आले होते. त्यांना बाईंचा आवाज सहन होईना. "दिवसभर काय ती बडबड!" पण आंधळ्या माणसाला तसं तोंडावर सांगायचं कसं, म्हणून त्यांनी मला सांगितलं. "तुम्ही जरा बघा ना मॅडम. तुमचं ऐकतात ते." मी काकांना काहीच सांगितलं नाही. ते डबा खायला गेले तेव्हा त्यांच्या खुर्चीत बसले, माउसने आवाजाच्या चित्रावर फुली मारली आणि परत येऊन आपल्या जागेवर बसले. एक दिवस शांतता मिळाली की साहेब गप्प बसतील, संध्याकाळी काढून टाकू, असा माझा शहाणपणा.

काका आले. बटण दाबलं. बाई बोलल्या नाहीत. काकांनी हात जोडून गाऱ्हाणं घातलं. सगळ्यांनी होकार भरला, मीही भरला. मग ते टेबलाखाली शिरले. बटण, वायर, डबा. प्रत्येक पिन काढून, पुसून, परत घातली. स्पीकरवर तळहात ठेवून बघितला. स्पीकर वाजत असेल तर त्याचं कापड थरथरतं, ते हाताला कळतं. काही थरथरलं नाही. ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. त्यांच्या पांढऱ्या बुशशर्टाला कोपरांपाशी धूळ लागलेली मला दिसत होती. वीस-पंचवीस मिनिटं मी समोर बसून ते पाहत होते.

शेवटी ते म्हणाले, "शुभदा, जरा पडदा बघ गं. कोपऱ्यातल्या स्पीकरवर फुली आहे का?"

"आहे," मी म्हटलं.

"कशी आली?"

"आपोआप आली असेल काका."

काकांनी कोपरांवरची धूळ झटकली. "असेल," म्हणाले. "काढ."

दुसऱ्या दिवशी ते हेडफोन घेऊन आले. डावा कान माणसांसाठी मोकळा, उजव्या कानावर बाई. साहेब खूश झाले. रस्त्यावरच्या एसट्यांच्या हॉर्नमध्ये बाई ऐकू याव्यात म्हणून काका आवाज पार टोकाला नेऊन ठेवत. निवृत्त होईपर्यंत आठ वर्षं त्यांनी तसंच काम केलं.

निवृत्तीनंतर आमचं नातं उलट वाढलं. ते कोपरला राहत, मी डोंबिवली पश्चिमेलाच, चालत पंधरा मिनिटं. घरी त्यांनी तोच आपला ऑफिसातला जुना कॉम्प्युटर थाटला होता, पिनेला तशाच तीन गाठी. सकाळी पेपर, दुपारी पुस्तक, संध्याकाळी गावाकडच्या देवळाच्या मंडळाची पत्रं. गावाचा सगळा पत्रव्यवहार कोपरच्या त्या खोलीतून चाले. घरी हेडफोन नाही, स्पीकरच. कारण सुमनकाकूंनाही ऐकायचं असे. काकू भाजी निवडता निवडता पेपरातले निधनवार्तांचे रकाने बाईंकडून ऐकत आणि मध्येच ओरडत, "थांबवा थांबवा, हे आपल्या म्हात्र्यांच्यातले का?"

काही बिनसलं की रविवारी फोन. "शुभदा, बाई बोलत नाहीत. येतेस का?" दोनदा केरसुणीने पिन निघाली होती, एकदा पालीने वायरीपाशी अंडी घातली होती. मी नुसती पडदा वाचून दाखवायला. गाऱ्हाणं आणि दुरुस्ती त्यांची, होकार माझा आणि काकूंचा. काम झालं की काकू मला तांदळाच्या शेवया आणि नारळाचा रस खायला घालत.

मग एका रविवारी तोच फोन आला. "बाई बोलत नाहीत गं. सगळं तपासलं. ह्या इवल्या घरच्या स्पीकरची थरथर हाताला लागत नाही. स्पीकरच गेला असणार."

मी गेले. दुसऱ्या मजल्याचा जिना चढत होते, अर्ध्यातच मला बाईंचा आवाज आला. सपाट, अडखळणारा, स्वच्छ. पावसाचा अंदाज वाचत होत्या. मला वाटलं, चला, सुरू झाला वाटतं.

दार उघडंच होतं. काका कॉम्प्युटरसमोर बसले होते, मान उजवीकडे कलती, कपाळाला आठ्या. बाई त्यांच्यापासून हातभर अंतरावर बोलत होत्या. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आलीस?" काका म्हणाले. "बघ. हूं नाही की चूं नाही."

मी काकूंकडे बघितलं. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, पदराचं टोक तोंडाशी धरलेलं. त्यांनी मान हलवली. नको, सांगू नकोस. आणि हात जोडले.

मी आत्तापर्यंत त्या हातांकडे बोट दाखवत आले. काकूंनी गळ घातली म्हणून, असं. पण खरं सांगायचं तर काकूंनी हात जोडले नसते तरी मी तेच म्हटलं असतं. माझ्यात ते सांगायचा दम नव्हता. डोळे नसलेल्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं, की काका, शेवटचं कनेक्शन?

"हो काका," मी त्यांच्या डाव्या कानाशी वाकून म्हटलं. "स्पीकर गेलाय. मी नवे आणते."

स्टेशनजवळच्या दुकानातून मी मोठाले स्पीकर आणले. लग्नाच्या हॉलला शोभतील असे. काकांनी नव्या पिनेला दोऱ्याच्या गाठी मारून ते लावल्यावर बाईंनी अशी काही आरोळी ठोकली की खालच्या मजल्यावरचं बाळ रडायला लागलं. काकांचं तोंड फुललं. "बघ! मी म्हटलं नव्हतं? स्पीकरच!" मीही हसले. काकू आत निघून गेल्या.

दोन महिने तसे गेले. शेजारी कुरकुरत, काकू त्यांच्या हातापाया पडत. मी दर रविवारी मनाशी घोकून जायची, आज सांगू, आणि शेवया खाऊन परत यायची. मग फोन आला, पण तो काकूंचा. "ते बोलवतायत गं. लगेच ये म्हणतात."

या वेळी काकांनी गाऱ्हाणं घातलं नाही. मी जवळ जाऊन बसले. बाई घर दणाणून सोडत होत्या. काकांनी माझ्यासमोर बटणापासून सुरुवात केली. बटण. वायर. डबा. दोऱ्याच्या तीन गाठी चाचपल्या. मग नव्या स्पीकरवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून बसले. कापड थरथरत होतं, मला दिसत होतं.

"चालू आहे," ते म्हणाले.

त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं.

"मागच्या खेपेलाही चालूच होता ना गं?"

मी त्यांच्या कानाला जवळजवळ तोंड लावलं आणि ओरडून म्हटलं, "हो."

"मग तेव्हाच सांगायचं होतंस." आवाजात राग नव्हता, आणि तेच फार लागलं. "ती फुलीसुद्धा तू मला सांगितली नव्हतीस. मी माउस कधी वापरत नाही, शुभदा. वर्षभर कीबोर्डच्या मागे पडून असतो. त्या दिवशी तो उजवीकडे आला होता आणि गरम होता. मी म्हटलं, जाऊ दे. सांगेल कधीतरी."

इतकी वर्षं ते वाट बघत होते. मला रडू आलं, ते त्यांना ऐकू गेलं नसणार.

माजिवड्याच्या कानाच्या डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. खूप तपासण्या झाल्या. नस गेली होती, उजव्या कानाची पुरती, डाव्याची जात चाललेली. मशीनचा फारसा उपयोग नाही. "पहिल्या आठवड्यात आला असतात तर औषधं देऊन बघता आली असती," डॉक्टर म्हणाले. "गुण आला असताच असं नाही. पण बघता आलं असतं. इतका उशीर का केलात?" काकू जमिनीकडे बघत होत्या. मी भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे. काका आमच्या दोघींच्या मध्ये बसून विचारत होते, "काय म्हणतात? काय म्हणतात गं?"

हेडफोनचा संबंध आहे का, असंही मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, तसं ठामपणे सांगता येत नाही. ठामपणे नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

दिवाळीपर्यंत डावा कानही गेला. मग आम्ही त्यांच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायला लागलो. चौथीपर्यंतची ती अक्षरं अशी कामाला आली. सुरुवातीला काका मजा करत. "शुभदा, तुझा 'ध' आणि 'घ' सारखाच. शाळेत काय केलंस?" आपला आवाज स्वतःला ऐकू येत नसल्याने ते फार मोठ्याने बोलत. हळूहळू बोलणं कमी झालं. मी रविवारी जायची तेव्हा ते त्या बंद कॉम्प्युटरसमोर बसलेले असत, हात मांडीवर उपडे. कुणी आलं की हात सुलटा करून पुढे धरत. लोक काय लिहिणार? 'बरे आहात?' लिहायचे. आणि घाईघाईने निघायचे. मीही एकदोनदा लवकर निघाले.

पुढच्या उन्हाळ्यात ठरलं, की दोघांनी गावी पुतण्याकडे जायचं. मी शेवटची गेले ती कॉम्प्युटर काढायला. तो एका अंध मुलींच्या वसतिगृहाला द्यायचा होता. खोलीत बांधलेल्या गोण्या, उघडी कपाटं. मी पिना काढायला वाकले तर काकूंनी मला थांबवलं. "त्यांना काढू दे."

काकांनी हाताने खूण केली, चालू कर. मी चालू केला. बाई बोलायला लागल्या. काकांनी एक तळहात स्पीकरवर ठेवला आणि दुसरा छातीशी धरला.

"बा देवा म्हाराजा!" त्या मोठ्या, बेसूर झालेल्या आवाजात ते म्हणाले. "ह्या यंत्रान माझी इतकी वर्सा चाकरी केली म्हाराजा!"

आणि थांबले. होकाराला लागतो तेवढाच वेळ, बरोब्बर. काकू म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!"

"आता ता दुसऱ्याच्या घराक जाता म्हाराजा! थय ह्येचो आवाज ऱ्हवांदे, आणि ऐकणाऱ्याचे कान ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

पुन्हा थांबले. पुन्हा काकूंचा एकटीचा आवाज.

"ह्या पोरीचा काय चुकला-माकला आसात ता पोटात घाल रे म्हाराजा!"

काकूंनी होकार भरला. मला म्हणता आलं नाही.

काकांनी छातीवरचा हात माझ्या दिशेने पुढे केला, सुलटा. "दोघींनी म्हटलंत ना?"

'हो' लिहिणं सोपं होतं. एकच अक्षर, एक काना आणि एक मात्रा. मी बोट टेकवलं, आणि लिहिलं, 'नाही. रडू आलं.'

त्यांनी ते वाचलं. मग हात चाचपत वर आणला आणि माझ्या डोक्यावर ठेवला, सबंध तळहात, स्पीकरवर ठेवत तसा. "मग आता म्हण."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. होतं नव्हतं ते सगळं घशात आणून, जोरात म्हटलं.

काका हात तसाच ठेवून थोडा वेळ थांबले.

"चालू आहे," ते म्हणाले, आणि वाकून त्यांनी गाठींची पिन ओढली.